जुन्या पिकअपच्या इंजिनात टकटक: कारण कसं शोधायचं

टकटक ऐकू आली की बहुतेक जण बोनेट उघडतात आणि कान लावून आवाजाची जागा शोधू लागतात. गडबड तिथेच होते. ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य भाग) आणि हेड (त्यावरचा व्हॉल्व्ह असलेला भाग) एकमेकांना घट्ट आवळलेले असतात, त्यामुळे धातूतून आवाज कुठच्या कुठे पोचतो. मागच्या टोकाला तुटलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (हेडला जोडलेल्या, धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा) बोल्ट पुढच्या टॅपेटसारखा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागासारखा) वाजतो, आणि खालच्या बेअरिंगचा ठोका बोनेटपाशी उभं राहिलं की हेडमधून आल्यासारखा वाटतो. आवाजाची जागा फसवते, वेळ सहसा फसवत नाही. आवाज थंड इंजिनावर येतो की गरम झाल्यावर, रेस वाढवली की वाढतो की विरतो, कशाने बदलतो, एवढं आधी लिहून काढलं तर निम्मे संशयित गळून पडतात. पाना त्यानंतर हातात घ्यायचा.

पुढचं सगळं प्रामुख्याने पेट्रोल इंजिनाबद्दल आहे. डिझेलचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

सुरू करण्याआधी ऑइल

गाडी सपाट जागेवर उभी करा. इंजिन नुकतंच बंद केलं असेल तर पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे वर गेलेलं ऑइल खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) उतरेल. डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल तर इंजिन सुरू करून आवाज ‘जरा ऐकून बघू’ असं अजिबात नको. आधी ऑइल भरा. बऱ्याच इंजिनांत दोन खुणांमधलं अंतर साधारण एक लिटरचं असतं. म्हणून थोडं थोडं ओतून पुन्हा मोजत जा.

जास्त ऑइलही त्रास देतं, हे नवख्यांना पटकन पटत नाही. पातळी वरच्या खुणेच्या बरीच वर गेली की फिरणारा क्रँकशाफ्ट (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) ऑइल घुसळून त्याला फेस आणतो. फेसातली हवा हायड्रॉलिक लिफ्टरमध्ये (ऑइलच्या दाबाने व्हॉल्व्हचं अंतर सांभाळणाऱ्या भागांत) शिरली की लिफ्टर वाजायला लागतात. नुकतंच ऑइल बदललं आणि टकटक सुरू झाली, तर पहिला संशय यावर आणि चुकीच्या ग्रेडवर.

डिपस्टिक हातात आहे तोवर तिचा वासही घ्या. पेट्रोलचा ठसठशीत वास म्हणजे इंधन ऑइलमध्ये उतरतंय आणि ऑइल पातळ होतंय. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात कूलंट मिसळल्याचा संशय धरायचा. तेव्हा टकटक बाजूला ठेवून आधी त्याचा छडा लावायचा. आणि चालू इंजिनात आवाजाबरोबर ऑइलचा लाल दिवा लागला, तर गाडी बाजूला घेऊन त्याच क्षणी बंद करायची. ‘गॅरेजपर्यंत हळूहळू नेतो’ या विचाराने बऱ्याच इंजिनांचा जीव घेतला आहे.

दिवा लागत नाही, पण दाबाची शंका आहे, अशा वेळी ब्लॉकवरचा ऑइल प्रेशरचा सेन्सर काढून तिथे साधं यांत्रिक गेज लावतात. जुन्या व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनांसाठी मेकॅनिक लोक एक ढोबळ अंदाज धरतात: गरम इंजिनावर दर १००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) १० पीएसआय (दाबाचं एकक). हा अंदाजच आहे, शेवटचा शब्द गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याचा. डॅशबोर्डवरच्या काट्यावर मात्र विसंबू नका. काही जुन्या पिकअपमध्ये तो काटा दिसतो गेजसारखा, पण त्याच्या मागे फक्त एक स्विच असतो. ठरावीक किमान दाबाच्या वर काहीही असलं तरी काटा निवांत मधोमध उभा.

ऑइल फिल्टरकडेही एक नजर टाका. चांगल्या फिल्टरमध्ये ऑइल परत खाली वाहून जाऊ नये म्हणून एक रबरी झडप असते. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल आणि ही झडप कडक झाली असेल, तर रात्रभरात वरच्या वाटा रिकाम्या होतात आणि सकाळी पहिले काही क्षण इंजिन खडखडतं. ही तक्रार असेल तर आधी फिल्टर बदलून बघा, बाकी शोधाशोध नंतर.

थंड इंजिनाचं पहिलं मिनिट

सगळ्यात जास्त माहिती इथे मिळते, आणि बहुतेक लोक ती वाया घालवतात, कारण गॅरेजला गाडी गरम अवस्थेत पोचते. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी बोनेट आधी उघडून ठेवा, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करा आणि मग स्टार्टर मारा. इंजिन पूर्ण तापेपर्यंत दर दोन-तीन मिनिटांनी थोडं थोडं रेकॉर्ड करत राहा. नंतर तेच अर्ध्या वेगाने वाजवून ऐकलं की चालू इंजिनापाशी न जाणवलेला ठेका कळतो.

दोन-तीन सेकंद टकटक आणि मग शांत: लिफ्टरमध्ये ऑइल भरत होतं. वर्षानुवर्षं हे असंच असेल आणि वाढत नसेल तर मी त्याच्या मागे लागत नाही.

सुरुवातीला जोरात आणि इंजिन तापेल तसं पाच-दहा मिनिटांत विरत जाणारा आवाज दोघांचा असू शकतो: एक्झॉस्टची गळती किंवा पिस्टनचा सैलपणा. तापलं की धातू फुगतो, फट मिटते. यातला पहिला तडतडीत, कोरडा. दुसरा पोकळ आणि बोथट.

याच्या उलट, थंडीत गप्प असणारं इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न दाबता) ठोकायला लागलं, तर जास्त काळजीचं. गरम ऑइल पातळ होतं, दाब उतरतो आणि जिथे झीज आहे तिथलं अंतर उघडं पडतं. बेअरिंग, दमलेला ऑइल पंप, झिजलेले लिफ्टर, सगळे या रांगेत. काही इंजिनांत कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं) टायमिंग बदलणारे फेझर असतात, तेही असेच वागतात. २००४ ते २०१० च्या फोर्ड एफ-१५० मधलं ५.४ लिटरचं तीन व्हॉल्व्हवालं इंजिन त्यासाठी कुप्रसिद्ध आहे: गरम आयडलिंगला पेट्रोल इंजिन डिझेलसारखं वाजतं, रेस दिली की गप्प.

थंड-गरम दोन्हीत सारखाच आवाज असेल तर टॅपेटचं अंतर, इंजेक्टर (इंधन फवारणारे) किंवा बाहेर लटकणारे सुटे भाग. आणि आयडलिंगला काहीच नाही, पण चढावर किंवा ओझं ओढताना ॲक्सिलरेटर दाबला की कडकड, ही बहुतेक वेळा इंधन वेळेआधी पेटल्याची खूण. तिथे इंधनाचा ऑक्टेन, इग्निशनचं टायमिंग, सिलिंडरमध्ये साचलेला कार्बन, इंजिन जास्त तापणं, असा वेगळाच तपास करावा लागतो. मॅनिफोल्डची लहान गळतीही ओझ्याखालीच जास्त वाजते, तेवढं लक्षात असू द्या.

ठेका मोजा

चार स्ट्रोकच्या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. ८०० आरपीएमच्या आयडलिंगला क्रँक सेकंदाला साधारण १३ फेरे मारतो, कॅम सातपेक्षा थोडे कमी. एकच टॅपेट वाजत असेल तर ठोका सेकंदाला सातच्या आसपास पडतो, म्हणजे कानाला वेगळा ऐकू येण्याइतपत. क्रँकच्या वेगाने पडणारा ठोका जवळजवळ सलग खडखड वाटतो.

कानावर भरवसा नसेल तर टाइमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) वापरा. तिचा चिमटा कोणत्याही एका स्पार्क प्लगच्या वायरला लावा. साध्या डिस्ट्रिब्यूटरच्या इग्निशनमध्ये एका प्लगला क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी मिळते, म्हणजे लाइट कॅमच्या वेगाने चमकते. प्रत्येक चमकेबरोबर एक टक पडत असेल तर आवाज कॅमच्या वेगाचा: टॅपेट, लिफ्टर, रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी तरफ). एका चमकेत दोन ठोके पडत असतील तर क्रँकच्या वेगाचा: बिगएन्ड (कनेक्टिंग रॉडचं क्रँकवरचं बेअरिंग), फ्लेक्स प्लेट (क्रँक आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जोडणारी तबकडी), क्रँकची पुली. काही इंजिनांत एक कॉइल दोन सिलिंडरना मिळून असते आणि प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडते. तिथे हा हिशेब बदलतो, म्हणून आधी आपली इग्निशन कोणती ते बघून घ्या.

यात एक पेच आहे. एका सिलिंडरच्या एक्झॉस्टची गळतीसुद्धा दोन फेऱ्यांत एकदाच फुसकते, म्हणजे तिचाही ठेका कॅमचाच. इंजेक्टर आणि कॅमवर चालणारा जुना यांत्रिक फ्युएल पंप यांचाही तोच. त्यामुळे ठेका जुळला म्हणून लगेच टॅपेट कव्हर उघडायचं नाही.

आवाज रेसबरोबर अजिबात बदलत नसेल, स्वतःच्याच लयीत टिक्-टिक् करत असेल, तर तो बहुधा इंजिनाच्या आतला नाही. इंधनाच्या टाकीची वाफ इंजिनाकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह असाच वाजतो. त्याला हात लावला की टिचकी बोटाला जाणवते.

कान लावताना

चालू इंजिनावर वाकण्याआधी: हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल किंवा पार्कमध्ये, चाकांपुढे-मागे ठोकळे. गाडी उघड्यावर हवी. बंद शेडमध्ये एक्झॉस्टचा कार्बन मोनॉक्साइड वास न देता साचतो. ओढणी, सैल बाह्या, गळ्यातली साखळी, मोकळे केस, काहीही बेल्ट किंवा फॅनच्या जवळ जाता कामा नये. इलेक्ट्रिक फॅन असेल तर तो इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो.

साधनं दोनच पुरतात आणि ती वेगवेगळं काम करतात. पहिलं, मेकॅनिकचा स्टेथोस्कोप किंवा लांब स्क्रू ड्रायव्हर. टोक धातूवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची. यातून धातूतली कंपनं ऐकू येतात. दुसरं, हातभर रबरी नळी. एक टोक कानाशी, दुसरं मोकळं इंजिनाभोवती फिरवायचं. यातून हवेतला आवाज ऐकू येतो. टॅपेट वाजत असेल तर कव्हरवर टेकवलेली दांडी ओरडते. एक्झॉस्ट गळत असेल तर दांडी फारसं सांगत नाही आणि नळीचं टोक गळतीसमोर आलं की कानात फटकन आवाज बसतो. या एका फरकावर कितीतरी हेड विनाकारण उघडायची वाचली असती.

दांडी क्रमाने फिरवा: टॅपेट कव्हरवर प्रत्येक सिलिंडरच्या वर, मग प्रत्येक इंजेक्टर, हेडची बाजू, ब्लॉक, खाली चेंबर, पुढे टायमिंग कव्हर, मग आल्टरनेटर आणि वॉटर पंप. फक्त आवाज किती मोठा आहे ते बघू नका, शेजारच्या सिलिंडरपेक्षा वेगळा कोणता ते बघा. इंजेक्टर तर चांगले असतानाही शिलाई मशीनसारखे टिकटिकतात. सगळे सारखे वाजत असतील तर त्यांना सोडून द्या.

एक्झॉस्टची गळती

जुन्या पिकअपमध्ये ‘टॅपेट वाजतंय’ म्हणून आलेली गाडी असली की मी आधी मॅनिफोल्ड बघतो. बिडाचा मॅनिफोल्ड हेडपेक्षा कितीतरी जास्त तापतो, म्हणून तो हेडपेक्षा जास्त लांबतो आणि थंड झाला की पुन्हा आखडतो. हा ताण टोकाच्या बोल्टांवर सर्वाधिक येतो. हजारो वेळा तापून-निवून ते तुटतात, बहुतेकदा सगळ्यात मागचा, जिथे हातही पोचत नाही आणि नजरही.

इंजिन थंड असताना टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन प्रत्येक बोल्ट मोजा. डोकंच नाही असा एखादा सापडेल. हेड आणि मॅनिफोल्डच्या सांध्यावर काजळीचा काळा पट्टा असेल तर जवळजवळ खात्रीच.

दिसलं नाही, पण संशय आहे, तर साबणाचं पाणी. इंजिन थंड आणि बंद. हवा बाहेर फेकणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरची किंवा ब्लोअरची नळी फडक्याने वेढून सायलेन्सरच्या तोंडाशी धरा आणि मॅनिफोल्डच्या सांध्यांवर साबणाचं पाणी फवारा. गळती असेल तिथे बुडबुडे येतात. याला माणूस दुसरा लागत नाही, भाजण्याची भीती नाही आणि उत्तर डोळ्यांना दिसतं. दुसरी रीत: थंड इंजिन सुरू झाल्या-झाल्या सोबतीच्या माणसाने जाड हातमोजा घालून सायलेन्सरचं तोंड फडक्याने एक-दोन सेकंद अर्धवट झाकायचं. आतला दाब वाढतो आणि गळतीची टकटक लगेच मोठी होते. टॅपेटला याने काही फरक पडत नाही.

गळती नुसता आवाज करत नाही. ती ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर सेन्सरला चुकीची हवा लागते आणि इंधनाचं प्रमाण बिघडतं. धूर केबिनमध्ये शिरू शकतो, ते त्याहून वाईट. दुरुस्ती म्हणजे तुटलेला बोल्ट काढणं, मॅनिफोल्ड काढून त्याची बैठक सरळ आहे का ते पट्टी लावून बघणं आणि नवं पॅकिंग. गंजका बोल्ट काढण्याचं काम चिवट असतं. आत तुटका तुकडा राहिला असेल आणि वेल्डिंगचा हात नसेल तर ते अनुभवी माणसाकडे सोपवा. ईझी-आउट (तुटका बोल्ट काढायचं हत्यार) आतच मोडलं की एका दुरुस्तीच्या दोन होतात.

मॅनिफोल्ड ठीक निघाला तर स्पार्क प्लग बघा. सैल प्लगच्या बाजूने दाब निसटला की अगदी तशीच टिकटिक येते, आणि प्लगभोवती काळपट डाग दिसतो. प्लग थंड हेडवरच आवळायचा. जुनी प्लगवायर फाटून ठिणगी बाहेर उडत असेल तर तीही चटचटते. अंधारात बोनेट उघडून बघितलं की निळी ठिणगी स्वतःच पत्ता सांगते.

टॅपेट, लिफ्टर आणि वरचं बाकी कुटुंब

पहिला प्रश्न: तुमच्या इंजिनात अंतर हाताने लावायचं आहे, की हायड्रॉलिक लिफ्टर ते स्वतः सांभाळतात? मॅन्युअल बघा. यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

अंतर लावायचं इंजिन असेल तर आधी ते मोजा, बाकी काही नंतर. उदाहरणार्थ, टोयोटाच्या जुन्या पिकअपमधल्या २२आर इंजिनाला गरम असताना इनलेटला ०.२० मिमी आणि एक्झॉस्टला ०.३० मिमी अंतर लागतं. काही इंजिनांचा आकडा थंड अवस्थेचा असतो, तो घोळ करू नका. ज्या सिलिंडरचं मोजायचं त्याचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. फीलर गेजचं (ठरावीक जाडीच्या पट्ट्यांचं) पान सरकवा. हलकासा अडथळा जाणवत सरकलं पाहिजे. लॉकनट आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना अंतर हमखास हलतं. आणि आवाज पूर्ण घालवण्याच्या नादात जास्त आवळू नका. थोडं वाजणारं टॅपेट परवडतं. आवळलेलं असेल तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, त्याची उष्णता सीटला जात नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.

त्याच २२आर कुटुंबात पुढच्या बाजूने खडखड येत असेल तर टायमिंग चेनचे प्लॅस्टिकचे गाइड आठवावेत. ते तुटले की चेन कव्हरवर घासते. तिथे टॅपेट कितीही लावले तरी आवाज जात नाही.

हायड्रॉलिक लिफ्टरच्या आत छोटा प्लंजर आणि एक चेंडूची झडप असते. दाबाचं ऑइल आत येतं, झडप ते अडवते आणि प्लंजर वर सरकून अंतर शून्य ठेवतो. झडपेत कचरा अडकला, प्लंजर चिकटला किंवा ऑइलच पोचलं नाही, की मधे फट पडते आणि रॉकर आपटतो. ऑइल जुनं, काळं असेल तर योग्य ग्रेडचं नवं ऑइल आणि चांगला फिल्टर घालून गाडी काही दिवस चालवा. चिकटलेला लिफ्टर कधीकधी काहीशे किलोमीटरनंतर मोकळा होतो. फ्लशिंगच्या केमिकलबद्दल माझं मत नकाराचं आहे. जुन्या, गाळ साचलेल्या इंजिनात ते एकदम सगळा गाळ सोडवतं, तो खाली पंपाच्या जाळीत अडकतो, आणि लिफ्टर वाचवायला गेलेला माणूस बेअरिंग घालवून बसतो. त्यापेक्षा दोन-तीन वेळा लवकर लवकर ऑइल बदलणं सुरक्षित. आवाज दाबायला मुद्दाम घट्ट ऑइल घालणं हीसुद्धा झाकपाक. थंडीत ते वर पोचायला उशीर लावतं, म्हणजे नेमकं नको तेव्हा.

नेमका कोणता लिफ्टर, हे शोधायची जुनी युक्ती पुश रॉडच्या (कॅम खाली असतो आणि लांब सळई रॉकर हलवते अशा) इंजिनात छान चालते. कव्हर काढून इंजिन आयडलिंगला चालवायचं. ऑइल उडतं, डोळ्यांना चष्मा आणि गरम मॅनिफोल्डवर ऑइल सांडणार नाही अशी सोय आधी हवी. मग रॉकर आणि व्हॉल्व्हच्या टोकामध्ये फीलर गेजचं पातळ पान सरकवायचं. ज्या रॉकरला फट भरली गेली की टकटक थांबते, तो तुमचा. कॅम वर हेडमध्ये आणि त्याखाली वाटीसारखे बकेट असलेल्या इंजिनांत हे जमत नाही.

सापडलेल्या जागी लिफ्टरच दोषी असेल असं नाही. पुश रॉड काढून काचेवर लोळवा, वाकडा असेल तर डुलतो. रॉकरची बैठक झिजली आहे का बघा. डायल गेज असेल तर प्रत्येक रॉकरची उचल मोजून शेजाऱ्याशी ताडून पाहा. एकाची उचल ठळक कमी असेल तर कॅमचा लोब (उंचवटा) घासला आहे, आणि नवा लिफ्टर टाकून काही उपयोग नाही. रोलर नसलेल्या, सपाट बुडाच्या लिफ्टरच्या इंजिनांना ऑइलमधल्या जस्त-फॉस्फरसच्या मिश्रणाचा आधार लागतो. २००४ मध्ये आलेल्या एपीआय एसएम या ऑइलच्या वर्गापासून रोजच्या वापराच्या पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्यांपर्यंत मर्यादित झाला. असं इंजिन असेल तर त्याच्यासाठीच बनवलेलं ऑइल शोधा.

सिलिंडर बंद करून इंधन वाचवणाऱ्या इंजिनांची गोष्ट वेगळी. २००७ ते २०१८ च्या जनरल मोटर्सच्या पिकअपमधल्या ५.३ लिटर व्ही-८ मध्ये १, ४, ६ आणि ७ या सिलिंडरना खास लिफ्टर असतात. त्यातला एखादा बसला की टकटक आणि त्याच सिलिंडरचं मिसफायर जोडीने येतं. अशी गाडी चालवत राहू नये. अडकलेला रोलर कॅम खाऊन टाकतो.

खालून येणारा ठोका

आवाज जड आहे, छातीत जाणवतो, ओझ्याखाली वाढतो, चेंबरवर दांडी टेकवली की स्पष्ट होतो. आता सिलिंडर एक-एक करून बंद करून बघायचे. इंजेक्शनच्या इंजिनात त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा विजेचा कनेक्टर काढणं सगळ्यात बरं. स्पार्क प्लगची वायर काढायची तर ती हवेत लोंबकळत न ठेवता जमिनीला, म्हणजे इंजिनाच्या धातूला, जोडायची. नाहीतर कॉइल मरते आणि झटकाही बसतो. हे काही सेकंदांचंच काम आहे. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये गेलं तर तो तापतो.

एखादा सिलिंडर बंद केल्यावर ठोका मंदावला किंवा गेला, तर त्या सिलिंडरचं बिगएन्ड, पिस्टन किंवा गजन पिन (पिस्टनला रॉडशी जोडणारी). काहीच बदल नाही, तर बहुधा वरचं काम. इथेही एक्झॉस्टची गळती मधे कडमडते, कारण सिलिंडर बंद झाला की तिचीही टकटक कमी होते. म्हणून ती आधी निकालात काढायला सांगितलं.

बिगएन्ड ओळखायला इंजिन गरम करा, २००० आरपीएमच्या आसपास स्थिर धरा आणि पाय हलकेच काढा. ओझं उलटतं त्या क्षणी खड-खड-खड उमटली तर बेअरिंग गेलं समजा. पिस्टनचा सैलपणा थंडीत वाजतो आणि तापल्यावर विरतो, त्याच्यासोबत माणसं वर्षानुवर्षं गाडी चालवतात. गजन पिन आयडलिंगला जोडीने दोन ठोके देते. बेअरिंगच्या संशयाची खात्री करायला ऑइल काढा, फिल्टर कापून त्याची घडी उलगडा. चुंबकाला चिकटणारा चुरा लोखंडी, कॅम-लिफ्टरकडचा असू शकतो. न चिकटणारी चमक बेअरिंगची. अशी चमक भरपूर दिसली तर गाडी ओढून न्या, चालवत नाही.

जुन्या डिझेल पिकअपमध्ये यांत्रिक पंप असेल तर नोझलच्या पाइपचा नट एक-एक करून किंचित सैल करून हीच परीक्षा करतात. कॉमन रेल (एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना इंधन देणाऱ्या) डिझेलवर हे कदापि नको. तिथला दाब १००० बारच्या वर जातो आणि इंधनाची धार कातडी भेदून आत शिरते.

ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत बिगएन्डचा निकाल देण्याआधी खालचं तपासणीचं झाकण काढा. फ्लेक्स प्लेटला तडा गेला असेल किंवा टॉर्क कन्व्हर्टरचे बोल्ट सैल असतील तर हुबेहूब बेअरिंगचा ठोका येतो. ब्रेक दाबून गिअर टाकल्यावर आवाज बदलत असेल तर इथेच बघा. पुढच्या बाजूचा संशय असेल तर बेल्ट काढून इंजिन मिनिटभराहून कमी चालवा. आवाज गेला तर तो पुली, टेन्शनर, आल्टरनेटर किंवा वॉटर पंपाचा. वॉटर पंप त्याच बेल्टवर असतो, म्हणून जास्त वेळ नको.

दुरुस्तीनंतर

एका वेळी एकच गोष्ट बदला. ऑइल, प्लग आणि मॅनिफोल्डचं पॅकिंग एकाच दिवशी बदललं तर आवाज कशाने गेला ते कळणार नाही, आणि तो परत आला तर पुन्हा पहिल्यापासून. मॅनिफोल्डचं काम केलं असेल आणि मॅन्युअल सांगत असेल तर चार-पाच वेळा तापून-निवल्यावर बोल्ट थंड अवस्थेत, दिलेल्या टॉर्कला पुन्हा आवळा. मग गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी तसंच रेकॉर्डिंग करा, आधीच्याच जागी उभं राहून, मोबाइल तितक्याच अंतरावर धरून. गॅरेजला द्यायची वेळ आलीच तर दोन्ही रेकॉर्डिंग आणि थंड-गरमचा कागद मेकॅनिकच्या हातात द्या, आणि जमलं तर गाडी आदल्या रात्रीच तिथे लावून या.